चौथा पट्टा

“मॅडम, पट्टे चारच आहेत. मी तीनदा मोजले,” राऊत फोनवर म्हणाला.

“मग विचारतोस कशाला? लिहून टाक रिपोर्ट.”

“तुम्ही एकदा हो म्हणा ना. फोटो टाकलाय.”

माझ्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात पोह्यांची बशी. बशी ठेवली आणि फोटो उघडला. थर्माकोलच्या तुकड्यावर टोचलेली राखाडी माशी. घरमाशीच्या जवळजवळ दुप्पट. दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि पाठीवरचे काळे पट्टे मोजले. एक, दोन, तीन, चार.

“उझी आहे,” मी म्हटलं आणि बशी परत उचलली. पोहे अजून गरम होते, यावरून किती वेळ लागला ते समजा.

आधी माझ्याबद्दल सांगते. मी तायडे. अर्धी नोकरी अमरावतीला आणि अर्धी अकोल्याला केली, आता निवृत्त होऊन अकोल्यात राहते. माझं काम होतं माशा ओळखणं. शेतातून, गोठ्यातून, धान्याच्या कोठारातून लोक माशा पाठवायचे आणि मी त्यांचं कूळ सांगायचे. माझे वडील गावात अभिमानानं सांगायचे, पोरगी साहेब झाली. साहेब होऊन करते काय, असं कोणी विचारलं की पावसापाण्याचा विषय काढायचे.

कुळाचं महत्त्व वऱ्हाडात समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे नवा माणूस भेटला की आधी आडनाव विचारतात. आडनाव कळलं की पुढचं सगळं आपल्याला ठाऊकच आहे, असा चेहरा करतात. माशीचंही तसंच आहे, फरक इतकाच की माशीच्या बाबतीत ते खरं असतं. एकदा कूळ कळलं की ती काय खाते, अंडी कुठे घालते, कोणाचं नुकसान करते, सगळं कळतं.

उझी ही रेशीमवाल्यांची वैरीण. ती रेशमाच्या अळीच्या अंगावर अंडी घालते. अंड्यातून निघालेला किडा अळीच्या आत शिरतो आणि तिला आतून खात वाढतो. अळी कोष विणायला बसली असेल, तर किडा कोषाला भोक पाडून बाहेर येतो. भोक पडलेल्या कोषाचा धागा जागोजागी तुटतो, म्हणजे तो कोष कामातून गेला. गंमत अशी की उझीच्याच कुळातल्या दुसऱ्या माशा कपाशीवरच्या आणि हरभऱ्यावरच्या अळ्या अशाच मारतात. त्या कुळाचं कौतुक करणारी भाषणं मी गावोगाव दिली आहेत. ‘ही माशी शेतकऱ्याची मैत्रीण आहे’, असं पोस्टरसुद्धा काढलं होतं. मैत्रीण एका घरी चांगली आणि शेजारच्या घरी चोर, हे पोस्टरवर लिहायचं राहून गेलं.

राऊत रेशीम खात्यात होता. मूळचा अमरावतीचा, त्यामुळे अकोल्यात सगळंच वाईट, अशी त्याची समजूत. ऊन वाईट, धूळ वाईट, माशासुद्धा वाईट. पण कामाला चोख. माझ्याच एका ट्रेनिंगला येऊन गेलेला.

अर्ध्या तासानं पुन्हा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

“मॅडम, मी वंदना इंगळे बोलून राहिली. बाळापूरच्या इकडची. राऊत सायबानं तुमचा नंबर देल्ला. एक इचारू का?”

“विचारा ना.”

“तुमी माही माशी पाह्यली, का माशीचा फोटू पाह्यला?”

“फोटो पाहिला. अगदी साफ होता.”

“साफ त माह्या लग्नातलाबी फोटू हाये, मॅडम. त्याच्यात मी गोरीपान दिसते.”

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. तिनं सांगितलं ते असं. गावात अकरा जणांनी रेशमाच्या अळ्यांसाठी तुती लावली आहे. सगळ्यात आधी हिनं लावली आणि बाकीच्यांना हिनंच ओढलं. गावाचा एक ठराव आहे: ज्याच्या शेडमध्ये उझी निघेल, त्यानं त्याच दिवशी सगळ्या अळ्या पुरायच्या, म्हणजे बाकीच्यांच्या वाचतील. कायदा नव्हे, सरकारी सूचनाही नव्हे. गावानं बसून केलेला ठराव. तिच्या अळ्या शेवटच्या अवस्थेत होत्या, चार-पाच दिवसांत कोषावर जाणाऱ्या. सकाळी शेडच्या दारात एक मेलेली माशी सापडली. ती राऊतनं टोचली, फोटो काढला, आणि अकोल्याच्या तज्ज्ञ मॅडमनी पोहे खाता खाता निकाल दिला.

“ठराव कोणी मांडला होता?” मी विचारलं.

“मीच मांडला होता बाप्पा,” ती म्हणाली. “म्हनूनच त नाई म्हनता येऊन नाई राहिलं. पन पुरायच्या आधी एक डाव तुमी सोताच्या डोयानं पाहा. मंग पुरते मी. आपल्या हातानं पुरते.”

मी भिंग घेतलं, मऊ ब्रश घेतला, स्पिरिटची बाटली घेतली आणि बाळापूरची गाडी धरली. रस्ताभर स्वतःची समजूत घालत होते. चार पट्टे होते. आकार बरोबर होता. रंग बरोबर होता. जाऊन फक्त हो म्हणायचं आणि परत यायचं. खरं सांगते, ती उझीच निघावी अशी माझी मनापासून इच्छा होती. चाळीस अळ्यांचं नुकसान असतं तर गोष्ट वेगळी. शेडभर अळ्या होत्या, आणि माझं लक्ष आपलं नाक शाबूत राहतं की नाही याच्यावर.

शेडजवळ पोचले तर दारापासून वीस पावलांवर एक गृहस्थ कमरेएवढ्या खड्ड्यात उभे राहून माती उपसत होते. घामानं निथळत होते, पण चेहऱ्यावर समाधान होतं.

“हे गजाननभाऊ,” माझी वाट पाहत थांबलेला राऊत हळूच म्हणाला. “मागच्या वर्षी ठरावाप्रमाणे यांची बॅच पुरली. वंदनाताईंनी उभं राहून पुरून घेतली.”

“आणि आज?”

“आज सकाळपासून खड्डा खणून राहिले. कोणी सांगितलं नाही, स्वतःहूनच.”

“नियम म्हंजे नियम,” गजाननभाऊ खड्ड्यातून म्हणाले. “मॅडम, राम राम. खोल बराबर हाये का पाहा.”

वंदनाताई दारात उभ्या होत्या. चाळिशीची बाई, पदर खोचलेला, हात तुतीच्या पाल्यानं हिरवे झालेले. रडलेल्या दिसत नव्हत्या. रागावलेल्या दिसत होत्या, आणि राग कोणावर काढावा हे अजून ठरायचं होतं. मी जरा लांबूनच नमस्कार केला.

आधी अळ्या पाहिल्या. उझीचं अंडं पांढरं, टाचणीच्या डोक्याएवढं असतं आणि ते अळीच्या अंगाला घट्ट चिकटलेलं असतं. अळ्यांवर पांढरे ठिपके होते. गजाननभाऊंनी ते सकाळीच साऱ्या गावाला दाखवले होते. पण अळ्यांच्या रॅकवर रोग येऊ नये म्हणून चुना भुरभुरतात. मी बोटानं एकेक ठिपका पुसला. पुसला गेला. दुसरा, तिसरा, दहावा, सगळे पुसले गेले. चुना पुसला जातो, अंडं जात नाही. तेवढ्यानं वंदनाताईंच्या चेहऱ्यावर जरा जान आली.

“पन समद्या अळ्या कुठं पाह्यल्या?” गजाननभाऊ म्हणाले. ते आता खड्ड्यातून वर येऊन खिडकीच्या जाळीला लागले होते. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. हजारो अळ्या. एकेक उचलून पाहायची तर तोवर त्या कोष विणून मोकळ्या होतील. म्हणजे निकाल माशीच देणार होती.

“आण रे तुझी माशी,” मी राऊतला म्हटलं.

राऊतनं डबी उघडली, आणि मला पहिला धक्का बसला तो माशी पाहून नव्हे, टाचणी पाहून. ऑफिसात कागदाला लावतात ती जाड टाचणी, आणि ती माशीच्या पाठीच्या बरोबर मधोमध ठोकलेली.

आमच्या धंद्यात टाचणीची एक रीत आहे. माशी टोचायची ती कधीही पाठीच्या मध्यावर टोचायची नाही, किंचित उजवीकडे टोचायची. कारण टाचणी जिथून जाते तिथलं सगळं बिघडतं, केस झडतात, पट्टे फाटतात. माशीच्या दोन्ही बाजू सारख्या असतात. म्हणून एक बाजू टाचणीला द्यायची आणि दुसरी पाहायला शाबूत ठेवायची. मधोमध टोचलं तर मधली जी एकच गोष्ट असते, तीच जाते. जगभर माशा टोचणारे लोक ही रीत पाळतात. एक अमरावतीकर सोडून.

“राऊत, मी ट्रेनिंगमध्ये काय सांगितलं होतं?”

“मॅडम, ते जेवणानंतरचं लेक्चर होतं.”

“मग?”

“त्या दिवशी जेवण चांगलं होतं.”

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. माशी चुन्यानं माखलेली होती. शेडच्या दारात चुन्याची पावडर पसरतात, पाय त्यात बुडवून आत यायचं असतं. त्या पावडरीतच ती मरून पडली होती, दोन दिवस तरी वाळत पडली असावी. मी ब्रश स्पिरिटमध्ये बुडवला आणि पाठ हळूहळू साफ केली. उन्हात धरली. भिंग डोळ्याला लावलं.

डावीकडे एक पट्टा. उजवीकडे एक पट्टा. मधे टाचणी, आणि टाचणीच्या अल्याड पल्याड एकेक पट्टा. झाले चार. पण मधल्या दोन पट्ट्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या होत्या. वाळलेल्या माशीला जाड टाचणी मारली की पाठ उभी तडकते. त्या फटीत चुना भरला होता, पांढराशुभ्र. मी ब्रशाच्या टोकानं चुना काढला. फटीच्या दोन्ही काठांना एकच काळा रंग होता. ते दोन पट्टे नव्हतेच. मधला एकच पट्टा राऊतनं उभा चिरला होता.

म्हणजे पट्टे तीन. चौथा टाचणीनं काढला होता, आणि मी तो फोटोत मोजला होता.

खुर्चीत नीट बसले आणि ठरवलं, आता काहीही गृहीत धरायचं नाही. तीन पट्टे म्हणजे बहुतेक मांसमाशी. मेलेल्या जनावरावर येते ती. तिचं कूळ वेगळं, धंदा वेगळा, रेशमाशी तिचं काही घेणंदेणं नाही. पण ‘बहुतेक’ या शब्दानं सकाळी काय केलं होतं ते समोर खड्ड्याच्या रूपात दिसत होतं. म्हणून पट्टे सोडून दुसऱ्या खुणा बघायच्या ठरवल्या.

पहिली खूण मिशीची. माशीच्या दोन डोळ्यांच्या मधे दोन आखूड मिशा असतात आणि प्रत्येक मिशीला एक केस असतो. उझीचा केस गुळगुळीत, सुईसारखा. घरमाशीचा केस शेंड्यापर्यंत पिसासारखा. मांसमाशीचा अर्ध्यापर्यंत पिसासारखा आणि पुढे साधा. उजवी मिशी डबीत घासून तुटली होती. डावी होती. मी पाहिली. मग मान वर केली आणि खिडकीकडे बघून म्हटलं, “गजाननभाऊ, आत या. पाय चुन्यात बुडवून या. तुमी पाहा.”

“मी?”

“तुमीच. मी सांगन आन तुमी म्हनसान मॅडम वंदनाताईच्या बाजूनं बोलून राहिल्या.”

गजाननभाऊंनी हात धोतराला पुसले, भिंग घेतलं, आणि बराच वेळ माशीच्या तोंडाकडे पाहत राहिले. शेडमध्ये पाला खाण्याचा आवाज तेवढा चालू होता. वंदनाताईंनी एका हातानं रॅकचा बांबू धरून ठेवला होता.

“केस दिसला?”

“हौ. दिसला.”

“कसा हाये?”

“पिसावानी हाये...” ते थांबले. भिंग पुढेमागे केलं. “खालच्या अंगालेच हाये पिसावानी. वरतं काईच नाई. साधाच हाये.”

“नक्की?”

“माह्या डोयाले दिसून राहिलं ते सांगतो ना मी!” ते चिडून म्हणाले. आपण कोणाची बाजू मजबूत करतोय हे त्यांना कळलं होतं, आणि तरी जे दिसलं तेच ते सांगत होते. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला. सकाळी मी एवढंही केलं नव्हतं.

दुसरी खूण मी स्वतः पाहिली. माशीच्या पाठीच्या शेवटी एक लहान त्रिकोणी ढाल असते. उझीच्या कुळात त्या ढालीच्या खाली, कमरेच्या अंगाला, पुरीसारखा तट्ट फुगवटा असतो. इथे ढालीखाली सपाट होतं. पोटावरचा चुना काढला तर खाली बुद्धिबळाच्या पटासारख्या करड्या-काळ्या चौकटी. मांसमाशी. आता तीन खुणा एकच सांगत होत्या.

“उझी नाही,” मी म्हटलं. “मी सकाळी चुकीचं सांगितलं. अळ्या पुरायची गरज नाही.”

वंदनाताईंनी रॅकचा बांबू सोडला. राऊत पाणी आणायला धावला. त्या पाणी प्यायल्या, तोंड पुसलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं: “मंग मांसमाशी माह्या शेडात काहून आली? मी मांस ठेवलं का इथं?”

प्रश्न योग्य होता. ती माशी आली म्हणजे जवळपास काहीतरी मेलेलं असणार. शोधाशोध झाली. पाला ठेवायच्या खोलीत ओल्या पोत्यांच्या मागे एक मोठा उंदीर मेलेला सापडला, चांगला दोन-तीन दिवसांचा. स्वच्छतेसाठी सगळ्या गावाला धारेवर धरणाऱ्या वंदनाताईंच्या खोलीत. त्यांनी तोंडाला पदर लावला, तो वासानं की लाजेनं ते मला सांगता येणार नाही.

“आना इकडं,” गजाननभाऊ म्हणाले. “खड्डा तयार हाये.”

एका उंदरासाठी एवढा प्रशस्त खड्डा बाळापूर तालुक्यात दुसरा खणला गेला नसेल. गजाननभाऊंनी तो पुरा बुजवला. राऊत हसायला लागला, मग वंदनाताई हसल्या, मग मीही. चहा आला. मला वाटलं, आता आपण सुटलो.

चहा पिता पिता गजाननभाऊंनी विचारलं, “मॅडम, मागच्या सालची माही माशी कोनं पाह्यली होती?”

मी राऊतकडे पाहिलं. तो कपात पाहत होता. मी फोन काढला, जुने निरोप वर सरकवत गेले. सापडला. फोन सगळ्यांना दिसेल असा धरला. त्याच तऱ्हेचा फोटो. थर्माकोल, राखाडी माशी, मधोमध जाड टाचणी. खाली माझं उत्तर, ‘होय, उझी’, आणि पुढे अंगठा. फोटो आला त्याच्या दुसऱ्या मिनिटाला पाठवलेलं.

“माशी आहे का ठेवलेली?” मी राऊतला विचारलं.

“होती, मॅडम. डबीत मुंग्या शिरल्या.”

फोटो मोठा करून मी बराच वेळ पाहिला. उझी असेलही. त्या वर्षी दोन-तीन गावांत उझी होतीच. मांसमाशीही असेल. मिशी दिसत नव्हती, ढालीची बाजू दिसत नव्हती, आणि पट्ट्यांवर आता माझा विश्वास नव्हता. ‘तेव्हाचा फोटो स्पष्ट होता’, असं म्हणायचा मोह झाला. ते म्हटलं असतं तर तिथल्या तिथे सगळं मिटलं असतं, कारण विरुद्ध सांगायला माशीच शिल्लक नव्हती.

“मले माहीत नाई, भाऊ,” मी म्हटलं. “मी ती माशी पाह्यलीच नव्हती. फोटो पाहून सांगून टाकलं. माफ करा.”

“मीनं ठराव मांडला होता,” वंदनाताई म्हणाल्या. “मीनंच उभी राहून पुरवल्या तुमच्या अळ्या. चुकलं माहं.”

“तुह्या ठरावाचं काई चुकलं नाई,” गजाननभाऊ त्यांच्याकडे न बघता म्हणाले. “ठराव बराबर हाये. उझी असन त अळ्या पुराच लागते.” मग माझ्याकडे वळले. आवाज चढलेला नव्हता. “मॅडम, तुमी फोटूले दोन मिनिटं देल्ले. मी त्या अळ्याले पंधरा दिवस पाला देल्ला होता. दिसातून तीन डाव.”

चहाचा कप खाली ठेवला आणि त्यांच्यासमोर हात जोडले. ते म्हणाले, “राहू द्या, चहा प्या,” आणि कुदळ उचलून निघून गेले.

वंदनाताईंच्या अळ्या पाच दिवसांनी कोषावर गेल्या. कोष चांगले झाले, एकालाही भोक नव्हतं. गावानं ठराव बदलला नाही, त्याला एक ओळ जोडली: माशी हातात घेऊन, भिंगानं पाहून, दोन माणसांसमोर सांगितल्याशिवाय खड्डा खणायचा नाही. ती दोन माणसं म्हणून वंदनाताई आणि गजाननभाऊ यांची नावं घातली आहेत. भिंग मी माझं देऊन आले. गजाननभाऊ आता मिशीचा केस राऊतपेक्षा लवकर ओळखतात, आणि हे राऊत स्वतःच कबूल करतो. अमरावतीकरानं अकोल्याच्या माणसाबद्दल एवढं म्हणणं म्हणजे पुष्कळ झालं.

फोटो अजूनही येतात, रोज दोन-चार. कपाशीवरची माशी, संत्र्यातली माशी, कुणाच्या तरी वरणातली माशी. मी सगळ्यांना एकच उत्तर पाठवते: माशी घेऊन या. काही जण आणतात, बहुतेक आणत नाहीत. बाळापूरकडे म्हणे आता असं बोलतात, की तायडे मॅडमचं वय झालं, त्यांना फोटोवरून काही ओळखू येत नाही.

बरोबर आहे. पूर्वीही येत नव्हतं.